गोळी, काडतूस, परवाना: नाशिकच्या नव्या बातमीदाराने शस्त्राची बातमी कशी लिहावी

रात्री साडेनऊला गुन्हे शाखेची प्रेसनोट ग्रुपवर येते: ‘एक देशी बनावटीचे पिस्टल मॅगझिनसह व दोन जिवंत राऊंड मिळून आले.’ पान सुटायला तासभर उरलेला असतो. नवा बातमीदार नोटेतली वाक्ये खालीवर करतो आणि शीर्षक देतो, ‘गावठी कट्ट्यासह सराईत जेरबंद’. एवढ्याशा ओळीत तीन गोष्टी चुकलेल्या असू शकतात. मॅगझिन असलेले हत्यार कट्टा नसते. पकडलेल्या तरुणावर आधीचा एकही गुन्हा नसेल, तर तो सराईत ठरत नाही. आणि मूळ गुन्हा म्हणजे परवाना नसणे, त्याचा तर शीर्षकात पत्ताच नाही.

नाशिक जिल्ह्यात पीकसंरक्षणासाठी बंदूक ठेवणारा शेतकरी आहे, बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभा असलेला निवृत्त जवान आहे, रेंजवर सराव करणारी कॉलेजची नेमबाज आहे आणि कमरेला विनापरवाना पिस्तूल खोचून फिरणाराही आहे. आपल्या बातमीत या चौघांना एकच शब्द लागला तर पहिल्या तिघांवर अन्याय होतो आणि चौथ्याची बातमी पातळ होते. म्हणून लिहायला बसण्याआधी पुढच्या पायऱ्या घ्या, त्याही याच क्रमाने.

पायरी १: हत्यार कोणते, हे आधी ठरवा

मराठीत ‘बंदूक’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर लांब नळीचे, खांद्याला टेकवायचे हत्यार येते. हातात मावणाऱ्या हत्याराला बंदूक म्हणू नका.

लांब नळीत मुख्य भेद आतल्या आट्यांचा. रायफलच्या नळीत आतून पीळदार आटे असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर नेम धरते. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून बहुधा छर्रे सुटतात. दारू व छर्रे नळीच्या तोंडातून ठासून भरतात ती ठासणीची बंदूक. ती सापडल्यावर ‘रायफल जप्त’ लिहिले तर वाचकाला भलतेच चित्र दिसते.

हातातल्या हत्यारांत तीन शब्द वेगळे ठेवा. रिव्हॉल्व्हरला फिरते चक्र असते आणि काडतुसे त्या चक्रातच बसतात. पिस्तुलाला दस्त्यात सरकवायचे मॅगझिन असते आणि प्रत्येक बारानंतर रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. कट्टा म्हणजे साधारणपणे एका वेळी एकच काडतूस घेणारे गावठी हत्यार. मॅगझिनसह मिळालेल्या गावठी हत्याराला ‘देशी बनावटीचे पिस्तूल’ म्हणा. पोलिसांच्या नोटेत शीर्षकाला ‘कट्टा’ आणि मजकुरात ‘पिस्टल’ असे दोन्ही सापडले तर ठाणे अंमलदाराला फोन लावून फक्त एवढे विचारा: मॅगझिन आहे का? उत्तर मिळाले की शब्द ठरला.

‘अत्याधुनिक’ हे विशेषण सरसकट काढून टाका. भट्टीवर घडवलेल्या, खडबडीत कडांच्या हत्याराला ते रोज लागते. दोन पिस्तुले म्हणजे ‘शस्त्रसाठा’ नव्हे. दोन बार म्हणजे ‘अंदाधुंद गोळीबार’ही नव्हे.

एअरगन वेगळी. .१७७ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचे आतले माप) आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. रीलसाठी पिस्तुलाच्या आकाराचा लायटर मिरवणाऱ्याची बातमी ‘पिस्तुलासह रील’ अशी देऊ नका. त्याने दहशत पसरवली असेल तर ते लिहा, पण हातात लायटर होता हे पहिल्या परिच्छेदातच यायला हवे. बिबट्याची बातमी निफाड-सिन्नर पट्ट्यात वरचेवर येते, तिथेही जपा. वनविभाग बेशुद्धीचे इंजेक्शन मारणारी बंदूक वापरतो. ‘बिबट्यावर गोळी झाडली’ असे छापून आले की गावात बिबट्या मारल्याची अफवा उठते.

नाशिकमध्ये आणखी एक सापळा आहे. देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि तोफखान्याच्या इंग्रजीत ‘गन’ म्हणजे तोफ. १०५ मिमी ‘फील्ड गन’चे ‘१०५ मिमीची बंदूक’ असे भाषांतर करू नका. नोव्हेंबर २०१८ मध्ये देवळालीला लष्करात दाखल झालेली के-९ वज्र आणि एम-७७७ या दोन्ही १५५ मिमीच्या तोफा आहेत.

पायरी २: आकडा तपासा, दशांशचिन्हासकट

सर्वांत जास्त चुका इथे होतात.

पंचनाम्यात काडतुसाचे वर्णन असते, ‘तळाशी केएफ ७.६५ असे कोरलेले’. काडतुसाचा तळ म्हणजे पितळेची नाण्यासारखी छोटी चकती. मधोमध टोपी असते, तिच्यावर पिन आदळते. भोवतीने कारखान्याची खूण आणि माप कोरलेले असते. ‘केएफ’ ही पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याची खूण. काडतूस सरकारी कारखान्यात बनले, एवढेच तिच्यावरून कळते. ‘लष्करी काडतुसे सापडली’ असा निष्कर्ष तिच्यावरून काढू नका, कारण परवानाधारकांना दुकानात मिळणाऱ्या काडतुसांवरही हीच खूण असते.

७.६५ मिमी हे .३२ पिस्तुलाच्या काडतुसाचेच दुसरे नाव. घाईत त्याचे ७.६२ होते. ७.६२ मिमी हे एके-४७ आणि एसएलआर या रायफलींचे माप आहे. शेवटचा एक अंक चुकला की खिशातल्या पिस्तुलाच्या गोळीची रायफलची गोळी होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे ग्रुप ‘नाशिकमध्ये एके-४७ ची काडतुसे’ म्हणून तीच बातमी फिरवतात. म्हणून आकडा पंचनाम्यातून उतरवून घ्या. ऐकीव आकडा छापू नका.

बोलताना सगळे ‘बत्तीस बोअर’ म्हणतात. लिहिताना .३२ लिहा, कारण हा इंचाचा अंश आहे. ‘३२ मिमी’ लिहिले तर ते तोफेचे माप होईल. बारा बोअरचा हिशोब मात्र निराळा. एक पौंड शिशाचे सारखे १२ गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. तिचा व्यास सुमारे १८.५ मिमी भरतो. त्यामुळे आकडा वाढला की नळी अरुंद होते: सोळा बोअर बारा बोअरपेक्षा लहान.

माप चुकले तर कायद्याची बाजूही चुकते. .३२ रिव्हॉल्व्हर, .३२ पिस्तूल, बारा बोअर, .३१५ रायफल यांना सामान्य नागरिकाला परवाना मिळू शकतो. ९ मिमी पिस्तूल आणि .३०३ रायफल प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. विनापरवाना साधे हत्यार बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षांची शिक्षा आहे. प्रतिबंधित शस्त्र असेल तर ती ७ वर्षांपासून सुरू होते आणि १४ वर्षांपर्यंत जाते. तुम्ही ‘९ एमएम’ सहज लिहून टाकता तेव्हा त्या माणसावरचा आरोप कितीतरी मोठा करता.

पायरी ३: झाडलेल्या, लागलेल्या आणि सापडलेल्या गोळ्या वेगवेगळ्या मोजा

गोळीबाराच्या बातमीत तीन आकडे असतात. किती बार झाले हे साक्षीदार सांगतात, किती जखमा आहेत हे डॉक्टर सांगतात आणि किती पुंगळ्या मिळाल्या हे पंचनामा सांगतो. ते जुळतीलच असे नाही. तिन्ही एकत्र करून ‘पाच गोळ्या झाडल्या’ असा सोयीचा आकडा बनवू नका.

घटनास्थळी पुंगळी मिळाली नाही म्हणून ‘गोळीबार झालाच नाही’ असेही लिहू नका. रिव्हॉल्व्हरची रिकामी पुंगळी चक्रातच राहते आणि कट्ट्याची हाताने काढावी लागते. पुंगळ्या आपोआप जमिनीवर पडतात त्या पिस्तुलाच्या. उलट बाजूने, बारा बोअरच्या एका काडतुसात अनेक छर्रे असतात. जाड छर्ऱ्यांच्या एका काडतुसाने शरीरात पाच-सहा जखमा होऊ शकतात आणि बातमीत येते, ‘सहा गोळ्या घातल्या’. बार एकच असतो.

शब्दही सांभाळा. ‘काडतूस’ म्हणजे पुंगळी, दारू, टोपी आणि गोळी मिळून झालेली पूर्ण वस्तू. ‘गोळी’ नळीतून सुटते. ‘पुंगळी’ मागे उरते. ‘जिवंत काडतूस’ म्हणजे न उडालेले. ‘जिवंत गोळी’ असा शब्द नाही. ‘रिकामे राऊंड’ हाही नाही, कारण राऊंड म्हणजे पूर्ण काडतूसच.

शुद्धलेखनात पिस्तूल पण पिस्तुलातून, बंदूक पण बंदुकीतून, काडतूस पण काडतुसे. शीर्षकाच्या मोठ्या टायपात ही चूक लांबून दिसते.

फटाका की गोळी याची खात्री होईपर्यंत ‘गोळीबारासारखा आवाज’ लिहा. गोळी कोणत्या हत्यारातून सुटली हे न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल सांगतो आणि तो त्याच रात्री येत नाही. ‘याच पिस्तुलातून गोळी झाडली’ हे विधान तोवर पोलिसांच्या नावानेच द्या.

पायरी ४: परवान्याचे चार प्रश्न

परवाना आहे का? कोणाच्या नावावर? कशासाठी दिला? मुदतीत आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय ‘अवैध’ शब्द वापरू नका.

नाशिक शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. म्हणून ‘नाशिकमध्ये इतके परवाने’ असा आकडा एका कार्यालयातून आणला तर तो अर्धाच असतो. सिन्नर, निफाड, येवला, मालेगाव हे सारे ग्रामीणच्या हिशोबात. मालेगाव तर शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. तिथल्या घटनेला ‘नाशिकमध्ये गोळीबार’ असे शीर्षक दिले की पंचवटीतल्या माणसाला नातेवाइकांचे फोन सुरू होतात.

परवान्यांची संख्या आणि शस्त्रांची संख्याही एक नव्हे. २०१९ पूर्वी एका परवान्यावर तीन शस्त्रे चालत, आता दोन. मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. नूतनीकरण रखडलेला परवानाधारक आणि कधी परवानाच न घेतलेला माणूस यांत मोठा फरक आहे, तो वाक्यात दिसला पाहिजे. परवाना असूनही अटी मोडल्या तर शस्त्र अधिनियमाचे कलम ३० लागते. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढला तर परवाना असला तरी गुन्हाच आहे: २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा बातमीत ‘आनंदाच्या भरात’ हे शब्द नकोत. वर गेलेली गोळी खाली येतेच आणि ती कोणावर पडेल ते सांगता येत नाही.

निवडणुकीत दरवेळी एक घोळ होतो. आचारसंहितेच्या काळात छाननी समितीच्या निर्णयाने परवानाधारकांकडून शस्त्रे ठाण्यात ठेवून घेतात आणि मतदान-निकालानंतर परत देतात. ही शस्त्रे ‘जमा’ होतात, ‘जप्त’ होत नाहीत. ‘शहरात शेकडो शस्त्रे जप्त’ हे शीर्षक खोटे ठरते आणि स्वतः ठाण्यात जाऊन पावती घेणाऱ्या माणसाला गुन्हेगारांच्या रांगेत बसवते.

पायरी ५: कलमे वाचा

‘आर्म्स अॅक्टखाली गुन्हा’ यावरून बंदूक सापडली असे समजू नका. पोलिसांच्या नोटेत त्याला ‘भारतीय हत्यार कायदा’ म्हणतात. कायदा एकच, शस्त्र अधिनियम १९५९. ३/२५ (कलम ३ चा भंग, शिक्षा कलम २५ खाली) म्हणजे अग्निशस्त्र, ४/२५ म्हणजे बहुतेक वेळा कोयता, तलवार, चॉपर. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १३५ दिसले तर मनाई आदेशाचा भंग झालेला असतो. कलम ३७ चे हे आदेश शहरात बहुधा पंधरा-पंधरा दिवसांसाठी नेमाने निघतात. ‘नाशकात शस्त्रबंदी’ असे घाबरवणारे शीर्षक त्यांना देऊ नका.

१ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे: खून कलम १०३, खुनाचा प्रयत्न १०९. त्याआधीच्या घटनेला जुनीच कलमे राहतात. खटल्याची बातमी लिहिताना तारीख पाहून कलम लिहा.

पायरी ६: माणसाला काय म्हणायचे

अटक झालेला ‘संशयित’. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर ‘आरोपी’. शिक्षा झाल्यावर ‘दोषी’. ‘सराईत’ फक्त पोलीस दप्तरी आधीचे गुन्हे नोंद असतील तरच, आणि तेव्हाही किती व कोणते हे सोबत द्या. ‘भाई’, ‘डॉन’, ‘दादा’ ही बिरुदे बातमीतून त्याच्याच गल्लीत परत जातात आणि पोरे तो कात्रणाचा फोटो स्टेटसला लावतात. ‘सिनेस्टाईल’ आणि ‘थरार’ यांचाही परिणाम तोच. अठराच्या आतला असेल तर ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. नाव, शाळा, वस्ती, वडिलांचा धंदा, ओळख पटेल असे काहीच नको.

‘पिस्तूल बाळगणारा अटकेत’ हे शीर्षक बरोबर वाटते, पण परवानाधारकही पिस्तूल बाळगतोच. ‘विनापरवाना’ हा एक शब्द वाढवा आणि जागेसाठी दुसरा कापा.

‘बंदूकधारी’ हल्लेखोरासाठी राखून ठेवा. शेतकरी, खेळाडू, सुरक्षारक्षक यांना ‘शस्त्र परवानाधारक’ म्हणा. ‘गनमॅन’ शब्दाला मराठीत पुढाऱ्याचा सशस्त्र अंगरक्षक असा अर्थ आहे. एजन्सीच्या इंग्रजी बातमीत तो हल्लेखोर असतो. जसाच्या तसा उचलला तर अंगरक्षकानेच गोळीबार केला, असे वाचले जाते.

जात, जमात, वस्ती यांचा उल्लेख तपासाशी थेट संबंध नसेल तर गाळा. मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातले, चोपडा तालुक्याला लागून असलेले उमर्टी हे गाव गावठी पिस्तुलांच्या बातम्यांत सतत येते. म्हणून प्रत्येक पिस्तूल तिथलेच, असे तपास अधिकाऱ्याने सांगितल्याशिवाय लिहिणे म्हणजे एका अख्ख्या गावाला आरोपी करणे.

पायरी ७: काय छापायचे नाही

मुद्देमालाची किंमत छापू नका. पंचनाम्यातला आकडा हा पंचांसमोर नोंदवलेला अंदाज असतो. बातमीत तो बाजारभाव म्हणून वाचला जातो आणि विकत घेऊ पाहणाऱ्याला दर कळतो. हत्यार कोणत्या वाटेने आले, कशात लपवले, कुठल्या फाट्यावर हातबदल झाला, हा तपशीलही तसाच.

परवानाधारकाचा पत्ता छापू नका. शस्त्र असलेले घर चोराला हवेच असते. २०१२ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका दैनिकाने पिस्तूल परवानाधारकांची नावे-पत्ते नकाशावर टाकले. त्यावर एवढा संताप उसळला की पुढच्याच महिन्यात नकाशा काढावा लागला. यादी सार्वजनिक कागदात मिळते, एवढ्यावरून ती छापण्याजोगी ठरत नाही.

आत्महत्येच्या बातमीत शस्त्राचा प्रकार, जखमेची जागा, शेवटची चिठ्ठी काहीच नको. शीर्षकात पद्धत तर नकोच. सोबत टेली-मानस १४४१६ हा मदतीचा क्रमांक द्या.

छायाचित्र नेमके त्याच शस्त्राचे असू द्या. गावठी कट्ट्याच्या बातमीला परदेशी पिस्तुलाचे चकचकीत चित्र लावले तर वर केलेली सगळी काळजी वाया जाते. चित्र मिळाले नाही तर पोलीस ठाण्याची पाटी लावा.

परदेशी बातमी भाषांतरित करताना

अमेरिकेतली गोळीबाराची बातमी डेस्कवर आठवड्यातून एकदा तरी येते. ‘सेमी-ऑटोमॅटिक’ म्हणजे अर्धस्वयंचलित: चाप एकदा ओढला की एक गोळी. स्वयंचलित म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात. ‘अर्ध’ गाळला की हत्यारच बदलते. एआर-१५ मधला ‘एआर’ हा आर्मालाइट या मूळ कंपनीच्या नावातला आहे, ‘असॉल्ट रायफल’चा नाही. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने २०२२ मध्ये ‘असॉल्ट रायफल’ टाळा, ‘अर्धस्वयंचलित रायफल’ म्हणा, अशी सूचना दिली. तीच सूचना बंदूक उद्योगाच्या ‘मॉडर्न स्पोर्टिंग रायफल’ या गोंडस नावालाही लागू केली. दोन्ही बाजूंचे लाडके शब्द बाहेर काढणे हे आम्हाला योग्य वाटते आणि मराठीतही तसेच करावे.

‘मास शूटिंग’चा आकडा देताना व्याख्या सोबत द्या. गन व्हायोलन्स अर्काइव्ह ही संस्था हल्लेखोर सोडून चार किंवा अधिक जणांना गोळी लागली की मोजते, मग मृत्यू झाला नसला तरी. चार मृत्यूंची अट लावली तर आकडा खूप खाली येतो. ‘गन डेथ’च्या एकूण आकड्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, म्हणून त्याला ‘गोळीबारातील बळी’ म्हणू नका. आणि तिथे शस्त्र बाळगणे हा १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिलेला हक्क आहे. आपल्याकडे तो परवाना आहे. दोन्हींना ‘बंदूकमालक’ म्हणून तुलना केली तर ती लंगडी पडते.

एक नमुना

समजा नोट अशी आहे: ‘गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या माहितीवरून सापळा रचून सदर इसमाचे अंगझडतीत एक देशी बनावटीचे पिस्टल मॅगझिनसह व दोन जिवंत राऊंड असा ३१,००० रुपये किमतीचा मुद्देमाल मिळून आला.’

बातमी अशी लिहा: ‘विनापरवाना देशी बनावटीचे पिस्तूल बाळगल्याच्या संशयावरून शहर गुन्हे शाखेने मंगळवारी सायंकाळी पाथर्डी फाटा परिसरातून २४ वर्षांच्या तरुणाला अटक केली. त्याच्याकडे ७.६५ मिमीची दोन जिवंत काडतुसे मिळाल्याचे पोलिसांनी सांगितले. पिस्तूल कशासाठी आणले, याचा तपास सुरू आहे. त्याच्यावर यापूर्वीचा गुन्हा नसल्याची माहिती अधिकाऱ्यांनी दिली.’

शेवटचे वाक्य फोन केल्यावरच मिळते. तो फोन दोन मिनिटांचा असतो.

बातमी छापल्यानंतर

डायरीत गुन्हा नोंद क्रमांक, पोलीस ठाणे आणि तारीख लिहून ठेवा. साठ दिवसांनी दोषारोपपत्र गेले का ते विचारा. कलम ३ च्या खटल्याला शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते. ती शहरात पोलीस आयुक्तांची, ग्रामीणमध्ये जिल्हादंडाधिकाऱ्यांची. ती नसेल तर खटला तिथेच अडकतो, आणि ही स्वतंत्र बातमी आहे. प्रयोगशाळेचा अहवाल आला का, हत्यार चालण्याजोगे होते का, हेही विचारा. निर्दोष सुटका झाली तर ती अटकेच्याच पानावर, तेवढ्याच जागेत द्या. वेबसाइटवरच्या जुन्या बातमीच्या वर तारखेसह ओळ जोडा: ‘या प्रकरणात न्यायालयाने आरोपीची निर्दोष मुक्तता केली आहे.’ त्या तरुणाचे नाव शोधले की वर येते ती आपलीच जुनी बातमी, म्हणून ही ओळ बातमीच्या तळाला न टाकता शीर्षकाखाली टाका.